दाराखालची फट

परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर समुपदेशन केंद्र.
कार्लेकर बाई म्हणाल्या, खोलीतलं सगळं बाकावर ऐकू जातं.
आत कोण रडतंय ते बाहेर बसलेल्यांना कळतं,
मग बाहेर येणाऱ्याकडे कुणीच बघत नाही.
आणि ते न बघणं फार मोठ्यानं होतं हो.

मी दारावर ठोकून पाहिलं.
डबडं.
आत पुठ्ठ्याची जाळी, वर सनमायका.
असल्या दारानं मांजर अडतं, आवाज नाही.

नवं दार भरीव, लिफ्टमध्ये मावेना,
मी आणि दिग्यानं जिन्यावरून चढवलं,
दर वळणावर टेकवत, एकमेकांना शिव्या घालत.
दार जड असलं की काम झालं, असं गिऱ्हाइकाला वाटतं.
पण दार कितीही गप्प राहो,
फट चुगली करते.
नखाएवढी जागा पुरते आवाजाला,
अंग चोरून शिरतो
आणि आत येऊन पाय पसरतो.

मग दिग्याला आत ठेवून दिवे घालवले,
मी बाहेरून टॉर्च फिरवला कडेकडेनं.
"दिसतो का उजेड?"
"बिजागरीपाशी थोडा. खाली तर सगळीकडं."
जिथून उजेड, तिथून आवाज.
एवढीच आमची विद्या.

तीन बाजूंना रबरी पट्टी,
कोपरे पंचेचाळीस अंशात कापून, सांध्यात केस जाऊ नये असे.
खाली सरकती पट्टी:
दार लागलं की आपसूक उतरते, फरशीला टेकते,
उघडलं की वर, जणू काही झालंच नाही.
मग कागदाचा कपटा दारात धरून ओढायचा.
सहज निघाला तर पट्टी नुसती शोभेची.
सात जागी ओढला.
सातवा फाटला, तेव्हा चहा सांगितला.

शेवटची चाचणी बोलण्याची.
दिग्याला म्हटलं, आत जा, दार लाव,
मोठ्यानं बोल काहीतरी, आकडे म्हण.
मी बाकावर कान देऊन बसलो.
समोरच्या प्लॉटवर पायलिंगचा घण,
पॅन्ट्रीत कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं,
आतून काही नाही.
मिनिटभर म्हटलं होतं, तो चार मिनिटं आत.
बाहेर आला तो नाक ओढत.
"किती म्हणालास?"
"शंभर. शंभरपर्यंत म्हटलं,"
आणि हत्यारं भरायला लागला,
छिन्नी उलटी, पान्यांच्या खणात.
देवरुखहून आल्याला त्याला दोन वर्षं झाली,
झोपायला गाळ्यावर, सोबत सहा जणं.
मी विचारलं नाही. काम पास झालं होतं.

बिल लिहिताना मात्र आकडे चुकत राहिले.
विक्रोळीची आमची खोली, दहा बाय बारा.
धाकटीचं लग्न मोडलं त्या वर्षी
बायको मोरीत नळ सोडून बसायची.
पाणी साडेपाच ते सव्वासहा,
जे काय ते तेवढ्यात उरकायचं.
आणि मी, आवाजाचा कारागीर,
कुशीवर वळून म्हणायचो,
किती पाणी भरते ही बाई.

अडीच फूट पट्टी उरली होती, ती घरी आणली.
रविवारी मोरीच्या पत्र्याच्या दाराला खालून ठोकली.
पत्रा तो, कितीसा थांबवणार, मला ठाऊक होतं.
ती ओट्याशी उभी राहून बघत होती.
म्हणाली, बरं झालं, झुरळं थांबतील.
हो म्हटलं, झुरळं.
आणि कॅलेंडरचा जुना महिना फाडून
दारात धरला,
ओढून पाहिला.